रोमच्या जुळ्या चर्चमधला फरक

रोममधल्या पियाझ्झा देल पोपोलो या चौकात उत्तरेच्या वेशीतून शिरलं की समोर दोन चर्च दिसतात. दोन्हींना पुढे खांबांचा मंडप, वर घुमट, आणि मधून सरळ शहरात जाणारा कोर्सो रस्ता. डावीकडचं सांता मारिया इन मोन्तेसांतो, उजवीकडचं सांता मारिया देई मिराकोली. फोटोंखाली यांच्या नावांची अदलाबदल सहज होते.

ओळखायची खूण घुमटावरच आहे. कडा मोजा: मोन्तेसांतोचा घुमट बारा बाजूंचा, मिराकोलीचा आठ बाजूंचा. आत गेलात तर फरक आणखी ठळक होतो. मिराकोली चक्क गोल आहे, मोन्तेसांतो मात्र आत खोलवर लांबत गेलेलं लंबवर्तुळ.

असं का? मोन्तेसांतोची जागा मुळात चिंचोळी. कोर्सो आणि बाबुइनो या दोन रस्त्यांच्या बेचक्यात, पुढे अरुंद आणि मागे रुंद होत जाणारी. तिथे गोल चर्च बसवायचं तर घुमट लहान करावा लागला असता, नाहीतर मागे सरकवावा लागला असता. दोन्हीत जोडी बिघडलीच असती. वास्तुकार कार्लो राइनाल्दीने लंबवर्तुळ घेऊन जागेची खोली वापरली, आणि चौकातून बघणाऱ्याला दोन्ही घुमट सारखेच वाटतात. नुसती नक्कल करून हे साधलं नसतं. सारखं दिसण्यासाठी वेगळं बांधावं लागलं. बरोक, म्हणजे सतराव्या शतकात युरोपात बहरलेल्या भपकेदार शैलीच्या, वास्तुकलेतली ही करामत मला भव्य सजावटीपेक्षा कितीतरी मोठी वाटते.

पोप सातवे अलेक्झांडर यांच्या काळात, 1662 मध्ये, मोन्तेसांतोपासून काम सुरू झालं. 1667 मध्ये ते वारले आणि काम रखडलं. पुढे कार्डिनल गास्ताल्दी यांच्या पैशातून दोन्ही चर्च उभी राहिली. बेर्निनी आणि कार्लो फोंताना या वास्तुकारांचाही त्यात हात लागला. मोन्तेसांतो 1675 मध्ये झालं, मिराकोलीला त्यानंतर काही वर्षं लागली. घंटामनोरे अठराव्या शतकातले, आणि तेही एकमेकांसारखे नाहीत.

वेळ एकाच चर्चपुरता असेल तर मोन्तेसांतोत जा. पुढे पोप तेविसावे जॉन झालेल्या आंजेलो रोन्काल्लींना 1904 मध्ये इथेच धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. रोमकर याला कलाकारांचं चर्च म्हणतात. इटलीतल्या कित्येक नटांना अखेरचा निरोपही इथूनच दिला गेलाय.