शर्यतीची गाडी चार दिवस आधी का मागतो?

पहिल्यांदा शर्यतीत उतरणारे बरेच ग्राहक आदल्या संध्याकाळी आमच्या गॅरेजमध्ये मोटरसायकल घेऊन येतात. आरसे, इंडिकेटर, साइड स्टँड काढलेला असतो, हेडलाइटला टेप लावलेली असते. ही कामं घरी झाली तर उत्तमच. मग म्हणतात, "कूलंटही काढून टाकलंय, पाणी भरलंय. आता फक्त बोल्टांना तार बांधून द्या." इथेच आमची रात्र जाते आणि कधी कधी त्यांची शर्यतही.

कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव. बहुतेक शर्यतींत ग्लायकॉल (गोठू नये म्हणून त्यात मिसळलेलं रसायन) असलेलं कूलंट चालत नाही. ट्रॅकवर सांडलेलं पाणी वाळून जातं. ग्लायकॉल लवकर वाळत नाही, त्याचा निसरडा थर राहतो आणि मागून वळणात झुकून येणाऱ्याला तो दिसतही नाही. त्यामुळे शर्यतीआधीच्या तपासणीत याबाबत सवलत मिळत नाही आणि मिळूही नये.

घरी काढलेलं कूलंट पूर्ण निघत नाही. रेडिएटरचा खालचा पाइप सोडला की रेडिएटर रिकामा होतो, पण इंजिनातलं बरंचसं कूलंट तिथेच राहतं. वरून पाणी ओतलं तरी इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, बंद असतो, म्हणून ते पाणी नीट फिरत नाही. थर्मोस्टॅट उघडायला साधारण ८० अंश तापमान लागतं. दुसरी विसरली जाणारी जागा म्हणजे बाजूची कूलंटची राखीव टाकी. ती धुतली नाही, तर इंजिन गार होताना तिच्यातलं कूलंट पुन्हा रेडिएटरमध्ये ओढलं जातं. इंजिन गार असतानाच रेडिएटरची टोपी उघडून बोट बुडवा आणि अंगठ्यावर चोळा. बुळबुळीत लागलं तर अजून बरंच बाकी आहे.

म्हणून आम्ही पाणी भरतो, पंखा सुरू होईपर्यंत इंजिन चालवतो, पूर्ण गार होऊ देतो, मगच काढतो. असं तीन-चार वेळा. गरम रेडिएटरची टोपी उघडली तर दाबाखालचं उकळतं पाणी थेट तोंडावर येतं, त्यामुळे गार होण्याची वाट पाहण्याला पर्याय नाही. शेवटी भरायचं ते डिस्टिल्ड पाणी, कारण नळाच्या पाण्यातले क्षार आत साचतात. गंज रोखणारं ग्लायकॉलविरहित द्रव्य नियमात बसत असेल तर तेही घालतो. एअरकूल्ड, म्हणजे हवेनेच थंड होणारी गाडी असेल तर हा भाग तुम्हाला लागूच नाही.

याच चार दिवसांत तारेचं कामही होतं. ऑइल ड्रेन बोल्टच्या (इंजिन ऑइल काढायच्या बोल्टच्या) डोक्यात बारीक भोक पाडून त्यातून स्टीलची तार ओवतो आणि पीळ देऊन अशी बांधतो की बोल्ट सैल व्हायला लागला तर तार त्याला घट्ट होण्याच्या दिशेलाच ओढेल. उलटी बांधलेली तार दिसायला सारखीच दिसते, पण तिचा उपयोग शून्य. ऑइल फिल्टर, ऑइलची टोपी आणि ब्रेक कॅलिपरचे बोल्टही आम्ही याच कामात घेतो.

एक विनंती. नवा सायलेन्सर घेण्याआधी चांगले टायर, ताजं ब्रेक ऑइल आणि नवे ब्रेक पॅड घ्या. पहिल्या वर्षी फेरीचा वेळ कमी होतो तो ब्रेकवर आणि टायरवर भरवसा बसल्यामुळे, हे आम्ही दर हंगामात पाहतो. लेदर सूट आणि हेल्मेट तर आधीच हवेत.

शर्यत संपली की गाडी पुन्हा आणा. नुसत्या पाण्यावर ती महिनोन् महिने उभी ठेवू नका, आत गंज धरतो आणि कडाक्याच्या थंडीत पाणी गोठून इंजिनाला तडाही जातो. कूलंट परत भरून देणं आमच्या तयारीच्या मजुरीतच धरलेलं आहे.

गाडी आणताना आयोजकांच्या नियमावलीची प्रतही आणा. कूलंट, तार आणि बेली पॅन (सांडलेलं ऑइल धरणारं इंजिनाखालचं पात्र) यांचे नियम सगळीकडे सारखे नसतात, म्हणून ती वाचूनच आम्ही पान्याला हात लावतो.