धनुष्यावर साइट कशी आली

ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने कंपाउंडच्या, म्हणजे टोकांना चाके असलेल्या धनुष्याच्या, अंतिम लढतीत पंधरा बाण सोडले आणि पंधराही दहाच्या वर्तुळात गेले. १५० पैकी १५०. त्याच स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी महिलांची जगज्जेती झाली. ५० मीटरवर लावलेले ते दहाचे वर्तुळ अवघे ८ सेंटिमीटर रुंद असते. दोघांचे कौतुक भरपूर झाले आणि ते व्हायलाच हवे होते. त्यांच्या धनुष्यावरच्या साइटबद्दल, म्हणजे नेम धरायच्या उपकरणाबद्दल, मात्र कुणी फारसे बोलले नाही. या छोट्याशा उपकरणाला मोठा इतिहास आहे आणि तो माहीत असला की साइट लावताना काय करायचे, का करायचे, हे आपोआप उलगडत जाते.

माणूस हजारो वर्षे साइटशिवायच बाण मारत आला. युद्धातले धनुष्य आकर्ण ओढायचे. त्यात ताकद मिळते, पण बाण डोळ्याच्या रेषेबाहेर, बाजूला राहतो. समोरच्या सैन्यावर बाणांचा वर्षाव करायचा असेल तर त्याने फारसे बिघडत नाही. इंग्लंडमध्ये बंदुकीने धनुष्याला रणांगणावरून हटवले, तिरंदाजी हौशी मंडळींचा खेळ झाला आणि गुण मोजले जाऊ लागले, तेव्हा ही अडचण बोचू लागली.

तिच्यावर उपाय दिला होरेस फोर्ड याने. १८४९ ते १८५९ अशी सलग अकरा वर्षे तो इंग्लंडचा राष्ट्रीय विजेता होता. कानापर्यंत ओढणे सोडा, असे त्याचे म्हणणे. बाण नेम धरणाऱ्या डोळ्याच्या बरोबर खाली आला पाहिजे, म्हणजे डावे-उजवे चुकण्याचा प्रश्नच मिटतो. माझ्या मते साइटचा खरा जन्म इथे झाला, धनुष्यावर एकही टाचणी लागण्याच्या कितीतरी आधी. नेमाच्या रेषेला दोन टोके लागतात. पुढचे टोक धनुष्यावर असते, मागचे चेहऱ्यावर. फोर्डने मागचे टोक पक्के केले.

पुढच्या टोकाचे काम तेव्हा बाणाचे अणकुचीदार टोकच करत असे. पण बाणाची मागची बाजू डोळ्याच्या खाली असल्यामुळे बाण मुळातच थोडा वर रोखलेला असतो. त्यामुळे जवळच्या अंतरावर टोक थेट लक्ष्यावर धरले तर बाण वरून निघून जातो आणि लांबच्या अंतरावर तो खाली पडतो. टोक आणि लक्ष्य जुळते ते एकाच अंतरावर. त्या काळच्या यॉर्क राउंड या स्पर्धाप्रकारात १००, ८० आणि ६० यार्डांवरून मारायचे असे. मग जवळच्या अंतरासाठी पुढच्या जमिनीवर एखादी खूण धरायची, लांबच्यासाठी लक्ष्याच्या वर मागच्या झाडाचा शेंडा. मैदान बदलले की सगळे नव्याने शोधायचे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिरंदाजांनी ही खूण जमिनीवरून उचलून धनुष्यावरच आणली. सुरुवातीची साइट म्हणजे धनुष्याच्या दांड्यावर चिकटवलेली पट्टी आणि तिच्यात खोचलेली टाचणी. टाचणीचे डोके थेट लक्ष्याच्या मध्यावर धरायचे. अंतर बदलले की टाचणी वरखाली करायची. पुढे पट्टीच्या जागी मोजपट्टी असलेली सरकती दांडी आली, टाचणीच्या जागी पिन किंवा कडे आले आणि बारीक हालचालीसाठी आटे असलेला स्क्रू आला. जागतिक संघटना १९३१ मध्ये ल्विव्ह इथे स्थापन झाली. पुढे तिच्या स्पर्धांमध्ये पुरुषांना ९०, ७०, ५० आणि ३० मीटर अशा चार अंतरांवर मारावे लागे. तिथे प्रत्येक अंतराचा आकडा वहीत लिहून ठेवलेला असणे ही गरजच होती.

नवख्याला एक नियम नेहमी उलटा वाटतो: बाण वर लागत असतील तर साइट वर सरकवायची, डावीकडे लागत असतील तर डावीकडे. कारण जमिनीवरच्या खुणेच्या काळापासून तेच आहे. पिन वर नेली की ती लक्ष्यावर आणण्यासाठी हात खाली घ्यावा लागतो आणि बाण खाली येतो. साइटने बाणाचा पाठलाग करायचा.

किती सरकवायची, हे साध्या त्रैराशिकाने कळते. डोळ्यापासून पिन ९० सेंटिमीटरवर असेल तर १ मिलिमीटरचा फरक ७० मीटरवर जवळपास ८ सेंटिमीटर होतो. ऑलिम्पिकच्या १२२ सेंटिमीटरच्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाची त्रिज्या ६.१ सेंटिमीटर आहे. म्हणजे एका मिलिमीटरने दहाचा नऊ होतो. म्हणूनच साइट पुढे काढलेल्या दांडीवर बसवतात: डोळ्यापासून जितकी लांब, तितकी हालचाल बारीक. मात्र धनुष्य हलके असेल तर लांबच्या अंतरासाठी पिन इतकी खाली न्यावी लागते की ती बाणाच्या वाटेत येते. मग दांडी आत घ्यावी लागते. आणि गुरुत्वाकर्षण काही थोडेथोडके नाही. सेकंदाला ६० मीटर वेगाने सुटलेला बाण ७० मीटर जाईपर्यंत सुटलेल्या रेषेपासून सुमारे सात मीटर खाली येतो.

रिकर्व्हच्या, म्हणजे टोके पुढे वळलेल्या, बिनचाकाच्या धनुष्याच्या, नियमांत मागची साइट आणि भिंग आजही चालत नाही. तिथे मागचे टोक म्हणजे हनुवटीखाली रोवलेला हात आणि डोळ्यासमोर धूसर दिसणारी प्रत्यंचा. ती प्रत्यंचा रायझरच्या (धनुष्याच्या मधल्या, मुठीच्या भागाच्या) एकाच कडेला दर वेळी जुळली पाहिजे. दात किंचित उघडले तरी हनुवटी खाली जाते, बाणाची मागची बाजू खाली जाते आणि बाण वर लागतो. जो रोज साइट फिरवत बसतो, त्याची चूक बहुधा साइटमध्ये नसते.

मिसुरीच्या हॉलेस विल्बर ॲलनला डिसेंबर १९६९ मध्ये कंपाउंड धनुष्याचे पेटंट मिळाले आणि दुसरी वाट उघडली. त्यातल्या चाकांमुळे धनुष्य पूर्ण ओढल्यावर बोटांवरचा भार एकदम घटतो, म्हणून नेम धरायला उसंत मिळते. या प्रकारात प्रत्यंचेत बसवलेली छोटी भोकाची पीप, पुढे भिंगाचा स्कोप आणि बुडबुड्याची लेव्हल, सगळे चालते. पीपचे वर्तुळ आणि स्कोपचे वर्तुळ एकात एक बसले की मागचे टोक पक्के. लेव्हल लागते ती धनुष्य तिरके होऊ नये म्हणून. उजवीकडे कलले की बाण उजवीकडे जातो.

आज साइट लावायला बसाल तेव्हा हाच क्रम पाळा. आधी ओळंबा टांगून साइटची उभी दांडी सरळ आहे ना ते बघायचे, नाहीतर अंतर वाढेल तसे बाण एका बाजूला सरकत जातात. मग दहा-पंधरा मीटरवरून सुरुवात. एका बाणावरून काहीच हलवायचे नाही. पाच-सहा बाणांचा गट बघायचा, त्याचा मध्य कुठे आहे ते पाहून साइट सरकवायची. गटच विखुरलेला असेल तर साइटला हात न लावता आधी अँकर, म्हणजे ओढलेला हात चेहऱ्याला टेकवायची जागा, सुधारायचा. प्रत्येक अंतर जमले की आकडा लिहायचा आणि स्क्रू घट्ट करायचा.

आपल्याकडच्या इंडियन राउंडमध्ये मुले बांबूच्या धनुष्याने, साइटशिवाय शिकतात. तिथे हात आणि चेहरा एकाच जागी ठेवायची जी सवय लागते, ती पुढे साइट लावताना उपयोगी पडते. १९७२ मध्ये म्युनिकला तिरंदाजी ऑलिम्पिकमध्ये परतली, तेव्हापासून तिथे फक्त रिकर्व्ह होते. २०२८ मध्ये लॉस एंजेलिसला कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा होईल, तेव्हा पीप, भिंग आणि लेव्हल लावलेले धनुष्य ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा दिसेल.