साचा, मेंदू आणि मुंगीएवढा नायक

पेटन रीड यांनी दिग्दर्शित केलेला ‘अँट-मॅन’ (२०१५) हा साचेबद्ध सुपरहिरोपटाचा जवळजवळ आदर्श नमुना म्हणता येईल. तुरुंगातून सुटलेला आणि मुलीपासून दुरावलेला स्कॉट लँग, त्याला हेरून काढणारा वृद्ध शास्त्रज्ञ हँक पिम, माणसाला मुंगीएवढे करणारा पोशाख, त्याच तंत्रज्ञानाचा बाजार मांडायला निघालेला डॅरेन क्रॉस आणि अखेरीस दोन पोशाखधाऱ्यांची झुंज. नेहमीच्या प्रेक्षकाला यातली प्रत्येक पायरी आधीच दिसत असते आणि तरीही तो बराच वेळ रमलेला राहतो. साचा म्हणजे दोषच, असे गृहीत धरणाऱ्यांना या रमण्याचा उलगडा होत नाही. मेंदूविज्ञानाच्या आधारे तो काही प्रमाणात करता येतो.

पुढच्या क्षणी काय घडेल, याचे अंदाज मेंदू अखंड बांधत असतो. मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरील प्रयोगांत असे आढळले, की रसाचा थेंब अनपेक्षितपणे मिळाला तर डोपामाइन हे मेंदूतील रसायन स्रवणाऱ्या चेतापेशी जोरात उद्दीपित होतात. रसाच्या आधी ठरावीक संकेत मिळतो हे माकडाला उमगले, की त्या पेशी संकेतालाच प्रतिसाद देऊ लागतात, प्रत्यक्ष रस मिळताना मात्र शांत राहतात. आणि संकेत मिळूनही रस आला नाही, तर त्यांची क्रिया नेहमीच्या पातळीच्याही खाली जाते. १९९७ साली शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी याची सांगड अंदाज आणि अनुभव यांतील तफावतीशी घातली. माकडाच्या रसावरून माणसाच्या चित्रपटाकडे जाताना सावध राहायलाच हवे. पण साच्याचे बळ आणि त्याची मर्यादा या दोहोंचा विचार करायला ही तफावत फार उपयोगी पडते.

आधी बळ पाहू. तबल्याच्या साथीने गाणे ऐकणाऱ्याला सम कुठे येणार हे ठाऊक असते आणि म्हणूनच गायक तिथवर कसा पोहोचतो, याकडे त्याचे लक्ष लागते. साचा चित्रपटासाठी हेच काम करतो. कोण कोणाचा, कशासाठी लढतो आहे, हे समजून घेण्यात प्रेक्षकाची शक्ती खर्च होत नाही. ती बारकाव्यांसाठी मोकळी राहते. नीटस रचलेला चित्रपट अनेकांच्या मेंदूंना एकाच वाटेने नेतो, हेही मोजले गेले आहे. उरी हॅसन आणि सहकाऱ्यांनी २००८ साली मांडलेल्या निष्कर्षांनुसार, हिचकॉक यांचा एक दूरचित्रवाणी भाग पाहताना प्रेक्षकांच्या मेंदूच्या बाह्यकाच्या (बाहेरच्या थराच्या) सुमारे ६५ टक्के भागात एकसारखी स्पंदने दिसली, तर उद्यानात कॅमेरा नुसता ठेवून घेतलेल्या चित्रणाच्या वेळी हे प्रमाण जेमतेम ५ टक्के होते.

‘अँट-मॅन’मधील सर्वोत्तम प्रसंग याच मोकळ्या राहिलेल्या लक्षावर उभा आहे. अंतिम झुंज स्कॉटच्या मुलीच्या खोलीत, तिच्या खेळण्यातल्या आगगाडीच्या रुळांवर होते. कॅमेरा मुंगीच्या उंचीवर असतो, तेव्हा अंगावर येणारे इंजिन प्रचंड आणि प्राणघातक वाटते. दुसऱ्याच क्षणी तो माणसाच्या उंचीवर येतो आणि एक हलके खेळणे रुळांवरून घसरून आडवे पडलेले दिसते. आवाज आणि आकार यांवरून मेंदूने बांधलेला अंदाज इथे क्षणार्धात कोसळतो. झुंज होणार हे ठरलेलेच होते, पण ती किती मोठी भासेल हे मात्र ठरलेले नव्हते.

आकाराचा हा खेळ भौतिकशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. लांबी कमी केली, की पृष्ठफळ तिच्या वर्गाने आणि घनफळ तिच्या घनाने घटते. शरीराच्या आकाराचा आणि बळाचा हा संबंध गॅलिलिओने १६३८ सालीच उलगडला होता. १.८ मीटर उंचीचा, ९० किलो वजनाचा माणूस १५० पटींनी लहान होऊन १२ मिलिमीटरचा झाला आणि त्याची घनता तशीच राहिली, तर त्याचे वजन सुमारे २७ मिलिग्रॅम भरेल आणि त्याच्या ठोशाने कुणाचे केसही हलणार नाहीत. उलट वजन कायम राहिले, तर तळपायांखालचा दाब २२,५०० पट होईल आणि पाठीवर तो बसताच मुंगी चिरडली जाईल. चित्रपटाला ठोसा मारताना पूर्ण वजन हवे असते आणि मुंगीवर स्वार होताना ते नको असते. काल्पनिक नियमाला माझी हरकत नाही. पण नियम प्रसंगागणिक बदलू लागला, की नायक कशाने वाचेल आणि कशाने मरेल याचा अंदाजच बांधता येत नाही आणि धास्तीचा पायाच ढासळतो.

मात्र त्याहून मोठी उणीव खलनायकात आहे. क्रॉसचा यलोजॅकेट म्हणजे नायकाच्याच पोशाखाची धारदार आवृत्ती. ‘आयर्न मॅन’मध्ये (२००८) हेच घडले होते आणि पुढे ‘ब्लॅक पँथर’मध्येही (२०१८) नायकासारखाच पोशाख चढवलेला प्रतिस्पर्धी समोर आला, पण त्या प्रतिस्पर्ध्याच्या, किलमाँगरच्या, रागामागे एक खरा, अस्वस्थ करणारा प्रश्न होता. क्रॉसपाशी तसे काहीच नाही. तो हरतो, तेव्हा पूर्णपणे अपेक्षित रस मिळावा तसे होते: तक्रारीला जागा नाही आणि आनंदही नाही. स्कॉटच्या जिवाला धोका नाही हेही सर्वांना माहीत असते, कारण अशा नायकाला मालिकेत पुढे यायचेच असते. म्हणूनच, त्याने लाडाने नाव ठेवलेली, त्याला पाठीवरून वाहून नेणारी उडती मुंगी गोळी लागून मरते, तो क्षण मनाला अधिक लागतो. साच्याने नायकाला अभय दिलेले असते, मुंगीला नाही.

२०२३ साली आलेल्या याच नायकाच्या तिसऱ्या चित्रपटाने बहुतेक कथा अतिसूक्ष्म, काल्पनिक ‘क्वांटम’ विश्वात नेली. मेंदू एखाद्या वस्तूचा आकार ओळखीच्या वस्तूंशी ताडून ठरवतो आणि त्या विश्वात पहिल्या चित्रपटातला न्हाणीचा टब नव्हता, खेळण्यातली आगगाडी नव्हती, मुंगीसुद्धा आपल्या अंगणातली नव्हती. पडद्यावर सगळेच अपरिचित असल्यामुळे नायक लहान झाला काय किंवा महाकाय झाला काय, चकित व्हायला आधी बांधलेला अंदाजच शिल्लक राहिला नाही. साच्यातल्या लढाया आणि ओळखीचा शेवट मात्र तसेच राहिले.