जुन्या टेस्ट इक्विपमेंटमधली मेमरी बॅटरी बदलणं

१९८०-९० च्या काळातल्या बऱ्याच मल्टिमीटर, ऑसिलोस्कोप, सिग्नल जनरेटरच्या बोर्डावर एक लिथियम सेल सोल्डर केलेला असतो, मेन्स बंद असताना रॅममधला डेटा टिकवणं एवढंच त्याचं काम. रॅममध्ये नुसती सेटिंग्ज असतील तर सेल गेला तरी फार बिघडत नाही, पण कित्येक मशीनमध्ये तिथेच कॅलिब्रेशनचे आकडे (रीडिंग अचूक यावं म्हणून केलेल्या दुरुस्त्या) ठेवलेले असतात आणि ते उडाले की मीटर चालू होतो, रीडिंगही देतो, फक्त त्या रीडिंगवर विश्वास ठेवता येत नाही. मग लॅबची वारी, आणि तिथलं बिल सेकंडहँड मीटरच्या किमतीच्या पुढे जाऊ शकतं. म्हणजे जपायचाय तो डेटा, सेल काय, नवा आणता येतो.

नेहमीचं उदाहरण म्हणजे एचपी ३४७८ए, साडेपाच डिजिटचा बेंच मल्टिमीटर. यात ३ व्होल्टचा लिथियम सेल आणि कॅलिब्रेशनसाठी वेगळी छोटी रॅम आहे. चांगली गोष्ट अशी की हा डेटा जीपीआयबी पोर्टवरून (मीटर कॉम्प्युटरला जोडायचं कनेक्शन) वाचता येतो, त्यामुळे आधी फाइल सेव्ह करायची आणि मगच स्क्रू उघडायचे. समोरच्या पॅनलवर स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा कॅल एनेबल (कॅलिब्रेशन बदलू देणारा) स्विच असतो, त्याला या सगळ्यात हात लावायचा नाही.

सेलचं व्होल्टेज मोजून फारसं कळत नाही कारण लिथियम सेल शेवटपर्यंत जवळपास सपाट व्होल्टेज देतो आणि मग एकदम कोसळतो, ३.० दिसलं म्हणून निर्धास्त राहू नये. सेलच्या सिरीजमध्ये रेझिस्टर असेल तर, दुरुस्तीचं मशीन बंद ठेवून, दुसऱ्या मीटरने रेझिस्टरच्या दोन टोकांतले मिलिव्होल्ट मोजा, त्यावरून सेलमधून जाणारा करंट कळतो : १ किलोओहमवर १ मिलिव्होल्ट म्हणजे १ मायक्रोअँपिअर. १२०० एमएएचचा सेल एवढ्या करंटवर कागदावर शंभरहून जास्त वर्षं चालतो, प्रत्यक्षात सेल्फ डिस्चार्ज आणि वयच त्याला आधी संपवतं.

बदलायच्या दोन पद्धती. पहिली, मीटर चालू ठेवून बदलणं. तेव्हा रॅमला आतल्या सप्लायवरून पॉवर मिळते, पण सोल्डरिंग आयर्नचं टोक अर्थ केलेलं असेल तर पॉवर असलेल्या ट्रॅकला शॉर्ट लागून डेटा जातो, म्हणून गॅसचं किंवा बॅटरीवरचं आयर्न वापरतात. शिवाय उघड्या मशीनमध्ये २३० व्होल्ट जवळच असतात, सवय नसेल तर या वाटेला जाऊच नये. दुसरी पद्धत मला जास्त पटते : मीटर बंद, केबल काढलेली, आणि जुन्या सेलच्या पॅडवर दोन एए अल्कलाइन सेल शॉट्की डायोडमधून (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट) तात्पुरते जोडायचे, पोलॅरिटी दोनदा तपासून. डायोड यासाठी की लिथियम सेलमध्ये उलटा चार्ज जाता कामा नये. नवा सेल टॅबवाला (सोल्डरसाठी पट्ट्या आधीच जोडलेला) घ्या, सेलवर डायरेक्ट सोल्डर केलं तर तो तापून फुटू शकतो.

निकेल-कॅडमियमवाल्या मशीनचं दुखणं वेगळं. तो सेल रिचार्जेबल असतो आणि लीक झाला की त्यातला अल्कली ट्रॅक खातो, त्यामुळे सेल काढून जागा व्हिनेगरने आणि मग पाण्याने-अल्कोहोलने साफ करावी लागते. त्याच्या जागी लिथियम टाकताना चार्जिंगचा रस्ता डायोडने बंद करायलाच हवा.

डॅलस सेमीकंडक्टर कंपनीच्या मॉड्यूलमध्ये रॅम आणि सेल एकाच काळ्या डब्यात इपॉक्सीने बंद केलेले असतात, नुसता सेल बदलायची सोयच नाही. एचपी ३४५८ए या मल्टिमीटरचं कॅलिब्रेशन डीएस१२२०वाय या अशाच मॉड्यूलमध्ये असतं. मॉड्यूल सांभाळून डिसोल्डर करायचा, प्रोग्रामरमध्ये (चिपमधला डेटा वाचणारं-लिहिणारं यंत्र) वाचायचा, तोच डेटा नव्यात लिहायचा, आणि बोर्डावर सॉकेट बसवायचा म्हणजे पुढच्या वेळी आयर्न लागणार नाही. काहीजण सेलची कटकटच नको म्हणून एफरॅम (बॅटरीशिवाय डेटा टिकवणारी मेमरी) लावतात, पण एफएम१६०८ सारख्या चिपला प्रत्येक ॲक्सेसला चिप एनेबल (चिपला जागं करणारा सिग्नल) वर-खाली व्हावं लागतं, ते खाली धरूनच ॲड्रेस बदलणाऱ्या सर्किटमध्ये ती चालत नाही.