पहिला घरचा ब्रेड, मुंबईच्या हवेत

यीस्ट घेऊन गेलेले ग्राहक आठवड्याभरात परत दुकानात येतात, तेव्हा तक्रार बहुधा एकच असते: "अगदी घड्याळ लावून केलं, तरी ब्रेड मधोमध बसला." आमच्या मते दोष घड्याळाचाच असतो. बऱ्याचशा कृती थंड हवेच्या देशांतल्या असतात. तिथे कोमट पाणी घ्या, उबदार जागी तासभर ठेवा, हे बरोबरच आहे. मे महिन्यात मुंबईतलं स्वयंपाकघर मात्र आधीच तापलेलं असतं. म्हणून यीस्टच्या प्रत्येक पाकिटासोबत आम्ही हे पत्रक देतो.

मैदा ४०० ग्रॅम, पाणी २५० मिली, इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम, मीठ ८ ग्रॅम, साखर एक मोठा चमचा आणि लोणी २० ग्रॅम. एवढ्यात साडेआठ बाय साडेचार इंची टिनचा एक ब्रेड होतो. उन्हाळ्यात यीस्ट ३ ग्रॅम पुरतं आणि पाणी माठातलं घ्यावं; कोमट पाणी जानेवारीसाठी ठेवा. सगळं वजनकाट्यावर मोजा. वाटी जरा दाबून भरली की मैदा वाढतो आणि ब्रेड घट्ट होतो.

लोणी सोडून सगळं परातीत कालवा, दहा मिनिटं झाकून ठेवा, मग लोणी घालून मळायला घ्या. सुरुवातीला गोळा बोटांना चिकटतो, परातीला चिकटतो, आणि नेमका इथेच नवशिक्याचा हात मैद्याच्या डब्याकडे जातो. कृपया थांबा. पुरणपोळीची कणीक आठवा: सैल भिजवलेली, तेलाचा हात लावून तिंबलेली. इथेही तसंच. तळव्याने पुढे रेटा, दुमडा, गोळा थोडा फिरवा, पुन्हा रेटा. दहा-बारा मिनिटांत परात आपोआप स्वच्छ होऊ लागते आणि गोळा कानाच्या पाळीसारखा मऊ लागतो. आता लिंबाएवढा तुकडा बोटांवर हळूहळू ताणून उजेडासमोर धरा. न फाटता पातळ पडदा झाला आणि पलीकडचा उजेड दिसला, तर मैद्यातल्या ग्लुटेनची, म्हणजे चिवट प्रथिनांची, जाळी तयार झाली. यीस्ट जो वायू सोडतं, तो हीच जाळी धरून ठेवते. मळण्यात केलेली घाई पुढे कशानेच भरून निघत नाही.

गोळा सरळ कडांच्या डब्यात ठेवा, त्याच्या उंचीवर बाहेरून रबरबँड लावा आणि झाकण ठेवा. दुप्पट झाला की पुरे. मेमध्ये याला पाऊण तासही लागत नाही, जानेवारीत सव्वा-दीड तास लागू शकतो. मग हलक्या हाताने हवा काढून, घट्ट गुंडाळी करून तूप लावलेल्या टिनमध्ये शिवण खाली ठेवा आणि पुन्हा फुगू द्या. पिठाचं बोट टोचून पाहा. खळगा लगेच भरला तर अजून वेळ आहे. सावकाश, अर्धवट भरला तर भट्टीत घाला. तसाच राहिला तर उशीर झाला. फार फुगलेल्या गोळ्यातली जाळी ताणून कमजोर होते आणि भट्टीत खचते. मधोमध बसलेला ब्रेड म्हणतात तो हाच.

ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) २०० अंशांवर आधी नीट तापवा. खालच्या बाजूला टिन ठेवून ३० ते ३५ मिनिटं भाजा. वरून लवकर रंग आला तर फॉइल टाका. साध्या मायक्रोवेव्हमध्ये ब्रेड होत नाही, गरम हवा फिरवणारा कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह लागतो. टिनमधून काढून बुडावर टिचकी मारली की पोकळ आवाज यायला हवा. मग जाळीवर तासभर गार होऊ द्या. गरम कापला तर आत चिकट लागतो आणि कच्चा राहिल्यासारखा वाटतो.

चक्कीच्या आट्याचं काय, हे हमखास विचारलं जातं. पहिला ब्रेड मैद्याचाच करावा असं आम्ही आग्रहाने सांगतो. कोंडा ग्लुटेनची जाळी तोडतो. हात बसला की एक तृतीयांश मैद्याऐवजी आटा घ्या आणि पाणी दोन चमचे वाढवा. याच पिठाचे छोटे गोळे ताटात जवळजवळ लावले तर लादी पावही छान होतो. पाव हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, पण मुलं घरी लादी मोडून खातात तेव्हा तो अगदी आपला वाटतो.

घरच्या ब्रेडमध्ये टिकवण्याचं रसायन नसतं, त्यामुळे पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशी धरू शकते. फ्रिजमध्ये तो उलट लवकर कडक होतो. काप करून फ्रीझरमध्ये ठेवा आणि लागेल तसे तव्यावर गरम करा. आतून तारा सुटल्या आणि पिकून गेलेल्या फळासारखा वास आला, तर मोह न धरता टाकून द्या.

उघडलेलं यीस्ट दमट हवेत मरतं; हवाबंद डबीत, फ्रिजमध्ये ठेवा. शंका आली तर अर्धी वाटी कोमट पाण्यात चिमूटभर साखर आणि चमचाभर यीस्ट घालून दहा मिनिटं थांबा. नव्या पाकिटाला फेस आला नाही, तर ते घेऊन या, बदलून देऊ.