शेकरू

शेकरू ही झाडांवर राहणारी मोठी खार असून ती महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. शास्त्रीय नाव रातुफा इंडिका. भारताबाहेर ती निसर्गतः आढळत नाही. महाराष्ट्रात भीमाशंकर, महाबळेश्वर, फणसाड, राधानगरी, आंबोली आणि मेळघाटच्या जंगलांत तिचा वावर आहे. गोव्यातील सह्याद्रीतही ती दिसते.

वजन दीड ते दोन किलो. झुबकेदार शेपूट शरीराइतकी किंवा त्याहून लांब. रंग प्रदेशागणिक बदलतो: भीमाशंकरची शेकरू पाठीवर तांबूस आणि पोटाकडे पिवळसर पांढरी असते, तर केरळच्या बाजूला पाठीवर काळा रंग ठळक होतो. भीमाशंकरच्या रूपाचे वर्णन कर्नल साइक्स यांनी 1831 मध्ये केले आणि मुंबईचे माजी गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचे नाव त्याला दिले. ही वेगळी उपजाती मानावी की नाही, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

शेकरू दिवसा वावरते आणि जमिनीवर क्वचितच उतरते. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना ती सुमारे 6 मीटरची झेप घेते. खाताना मागच्या पायांनी फांदीला लटकते, पुढच्या पंजांत फळ धरते. तोल शेपूट सांभाळते. उंबर, जांभूळ, आंबा, हिरडा यांची फळे व बिया, शिवाय फुले, कोवळा पाला आणि साल असा तिचा आहार. क्वचित किडे आणि पक्ष्यांची अंडीही खाते. शिकारी पक्षी घिरट्या घालू लागला की फांदीला चिकटून निश्चल राहते.

काटक्या आणि पानांचे गोल घरटे ती उंच, बारीक फांद्यांच्या टोकाशी बांधते, कारण तिथवर जड शिकाऱ्याला पोहोचता येत नाही. एकच शेकरू अनेक घरटी बांधते. काही झोपण्यासाठी, एखादे पिल्लांसाठी.

या प्राण्याचे सारे जगणे एकमेकांना भिडलेल्या फांद्यांवर अवलंबून आहे. जंगल नकाशावर हिरवे दिसले तरी मधून रुंद रस्ता गेला, मोठी झाडे तुटली किंवा वणव्याने पट्टा मोकळा झाला, तर शेकरूचा मार्ग तुटतो. नुसती नवी रोपे लावून हे नुकसान लवकर भरून येत नाही. फांद्या जुळायला वाढलेली झाडेच लागतात. म्हणूनच भीमाशंकर परिसरातील आहुप्यासारख्या देवराया मोलाच्या. देवाच्या नावाने कुऱ्हाड न लागलेली ही जुनी झाडे तिला घरट्याची जागा आणि खाद्य दोन्ही देतात. पुणे, ठाणे आणि रायगड जिल्ह्यांच्या सीमेवरचे भीमाशंकर अभयारण्य 1985 मध्ये जाहीर झाले, तेही मुख्यतः शेकरूसाठीच. मात्र तेथील ज्योतिर्लिंगामुळे वर्षभर यात्रेकरूंची गर्दी असते. त्यांनी दिलेले खाद्य आणि टाकलेले प्लास्टिक, दोन्ही तिला अपायकारक आहे.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शेकरूच्या शिकारीवर बंदी आहे. दाट पानांत ती सहज नजरेस पडत नाही, त्यामुळे गणना करताना घरट्यांचाही आधार घेतात. पण घरटी मोजून त्यांनाच शेकरूंचा आकडा समजणे चूक ठरते. वापरातले घरटे आणि सोडलेले घरटे आधी वेगळे ओळखावे लागते.