पाय बधिर, तरी घोडी उभी कशी?

ओहोटी लागली की अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्याकडे घोडागाड्या निघतात. गेल्या हिवाळ्यात तिथली एक घोडी पुढच्या डाव्या पायाने लंगडत होती. तो पाय टेकला की ती मान वर उचलायची. दुखऱ्या पायावरचा भार कमी करायची घोड्यांची हीच रीत. डॉक्टरांनी त्या पायाच्या टाचेवर, दोन्ही बाजूंना, बारीक सुईने जेमतेम दीड-दीड मिलिलिटर औषध टोचलं. दहा मिनिटांत घोडी डावा पाय न कचरता टाकू लागली. बघ्यांपैकी बहुतेकांना वाटलं, घोडी बरी झाली. मालकाला आधीपासून वेगळीच धास्ती होती : "पाय बधिर झाला तं घोरी परल ना, डॉक्टर?"

घोडी बरी झाली नव्हती आणि पडणारही नव्हती. पण मालकाची शंका मला फार आवडली. कमरेत इंजेक्शन घेऊन ज्यांचं ऑपरेशन झालंय, त्यांनी आपले पाय ओंडक्यासारखे पडलेले अनुभवले आहेत. मग घोडीचं तसं का होत नाही?

डाव्या हाताने उजवा हात कोपराखाली धरा आणि बोटं हलवा. हालचाल कोपराखाली जाणवते, कारण बोटांना ओढणारे मोठे स्नायू तिथे आहेत. बोटांपर्यंत येतात ते कंडरा, म्हणजे चिवट दोर. घोड्यात हे अगदी टोकाला गेलंय. त्याचा पाय एकाच, मधल्या बोटावर उभा असतो, खूर हे त्या बोटाचं नख आणि पुढच्या पायाचा ज्याला आपण गुडघा म्हणतो तो खरा मनगटाचा सांधा. त्याच्या खाली पाय चालवणारे स्नायू जवळजवळ नाहीतच. त्यामुळे तिथली नस, म्हणजे निरोप वाहणारा मज्जातंतू, बधिर केली की जाते ती फक्त जाणीव, ताकद नाही.

आता ते औषध. लिग्नोकेन, दाताच्या डॉक्टरांकडे मिळतं तेच, 1943 मध्ये स्वीडनमध्ये तयार झालेलं. नसेतून वेदनेचा निरोप जातो तो सोडियमच्या जोरावर, म्हणजे आपल्या मिठागरांत पिकतं त्या मिठातल्याच सोडियमच्या. तंतूच्या बाहेर सोडियम आतल्यापेक्षा सुमारे दहापट असतं. निरोप आला की तंतूच्या पडद्यातली सूक्ष्म दारं मिलिसेकंदभर उघडतात, सोडियम आत घुसतं, त्या धक्क्याने पुढची दारं उघडतात. लिग्नोकेन ही दारं अडवतं, पण बाहेरून नव्हे! त्याचे रेणू दोन रूपांत असतात : विद्युतभारित आणि भाररहित. पडदा स्निग्ध असल्याने त्यातून भाररहित रेणूच सहज पार होतात. आत गेल्यावर त्यांतले बरेच पुन्हा भार घेतात आणि दाराच्या आतल्या बाजूने जाऊन अडकतात. पीएच हे आम्लतेचं माप, आकडा उतरला की आम्लता वाढली. शरीराच्या नेहमीच्या 7.4 पीएचला सुमारे 24 टक्के रेणू भाररहित असतात. पू झालेल्या जागी आम्लता वाढते. पीएच 6.4 पर्यंत उतरला तर हे प्रमाण 3 टक्क्यांवर येतं. पिकलेल्या दाढेजवळ सुई नीट लागू पडत नाही, त्याचं एक मोठं कारण हेच. जाड तंतूंवर स्निग्ध वेष्टण असतं आणि निरोप वेष्टणातल्या एका खाचेतून दुसऱ्या खाचेत उड्या मारत जातो. एखादी खाच बंद झाली तर तो ती ओलांडून पुढे जातो, म्हणून सलग निदान तीन खाचा औषधात बुडाव्या लागतात.

घोडीला दिलेली ही सुई म्हणजे उपचार नाही, दुखणं कुठे आहे त्याचा शोध आहे. सुरुवात नेहमी खालून करायची. निरोप खुराकडून वर जातात, त्यामुळे वरचा नाका आधी बंद केला तर खालच्या सगळ्याच गावांची खबर थांबते आणि दुखणं नेमकं कुठलं ते कळत नाही. टाच बोथट टोकाने दाबून ती बधिर झाल्याची खात्री करायची आणि मग घोडा लगेच चालवून बघायचा. फार थांबलं तर औषध वर झिरपतं आणि निष्कर्ष बिघडतो. हाड मोडल्याचा संशय असेल तर ही सुई देतच नाहीत, कारण वेदना गेली की जनावर मोडक्या पायावर बिनधास्त भार टाकतं. शर्यतीत असं औषध देऊन घोडा पळवणं निषिद्ध आहे, तेही याचसाठी.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. काळ्या घोड्याची नाल शनीची पीडा टाळते म्हणून लोक ती पैसे मोजून दाराला ठोकतात. ज्या खुरातून ती नाल निघाली, तो मात्र दुखू लागला की त्या मुक्या जनावराच्या पायाला तापल्या लोखंडाचा डाग देणारे अजून आहेत. डागाने एक जखम वाढते, आतलं दुखणं तसंच राहतं.

त्या घोडीचं पुढे काय झालं? डावा पाय नीट पडू लागला, आणि थोड्याच वेळात ती उजव्या पायाने लंगडू लागली. मालक घाबरला, त्याला वाटलं सुईनेच केलं. डॉक्टरांनी उजव्या टाचेवरही तसंच औषध टोचलं. मग घोडी दोन्ही पायांनी सरळ दुडकली. दुखत दोन्ही टाचा होत्या. डावी जास्त दुखायची म्हणून उजवीचं दुखणं कोणाला दिसलंच नव्हतं. "आता दुपारी गाडीला जुंपू का?" मालकाने विचारलं. डॉक्टर म्हणाले, "नको दादा. तिला आत्ता काही कळत नाहीये. घरी न्या. उद्या दोन्ही खुरांचा एक्स-रे काढू."